मॅडमना सप्रेम भेट

माझ्या माहेरी भांड्यावर नाव नसेल तर ते भांडं घरात आलंच नाही असं समजत. लग्नात, मुंजीत, बारशाला जे काही स्टील-पितळ यायचं त्यावर देणाऱ्याचं नाव, गाव, तारीख कोरलेली असायची. माझ्या लग्नातल्या एका पातेल्यावर साताऱ्याच्या आत्याचं नाव आहे. ही आत्या भर मांडवात मानपानावरून रुसली होती आणि पंगतीला आली नव्हती. पण मी तिच्याच पातेल्यात आमटी करते, आणि फोडणी देताना तिची आठवण काढतेच काढते. देणाऱ्याने दिलं, घेणाऱ्याने वापरलं आणि नाव राहिलं. यात काही गैर असेल असं नोएडाला येईपर्यंत मला कधी वाटलं नाही.

नोएडाला आम्ही आलो ते ह्यांच्या नोकरीमुळे. देशात बाहेरच्या कंपन्या यायला लागल्या होत्या, रंगीत टीव्ही बनवणारी एक कंपनी नोएडात आली आणि तिने ह्यांना पिंपरीहून उचलून आपल्या परचेस डिपार्टमेंटमध्ये बसवलं. आमच्या सेक्टरला नंबर होता, नाव नव्हतं. पुढच्या बाजूला नवेकोरे फ्लॅट आणि मागच्या बाजूला सरसोंचं शेत. वीज गेली की सगळ्या बाल्कन्यांतले जनरेटर एकदम सुरू व्हायचे आणि शेजारणीशी बोलायचं तर ओरडावं लागायचं. तरी मी खूश होते. वॉशिंग मशीन आलं होतं, सासरचं कुणी जवळ नव्हतं, आणि दिल्ली म्हणजे दिल्ली असं सगळ्यांना पत्रातून कळवता येत होतं.

फक्त मुलाचे हाल झाले. तो पहिलीपर्यंत चिंचवडच्या मराठी शाळेत होता, त्याला इथे एकदम इंग्लिश मीडियमच्या दुसरीत टाकला. इंग्रजी येत नव्हतं ते एक वेळ चाललं असतं, कारण ते तिथे बऱ्याच जणांना येत नव्हतं. पण हिंदीही येत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात त्याने वर्गात उभं राहून ‘मैं आंघोल करके आया’ असं सांगितलं आणि पोरांनी त्याचं नावच आंघोल ठेवलं. मग रोज सकाळी व्हॅन यायची वेळ झाली की ह्याच्या पोटात दुखायचं. मी दोनदा ओवा दिला, एकदा धपाटा दिला, आणि एकदा त्याच्याबरोबर बाथरूमच्या दाराशी बसून रडलेसुद्धा.

त्याची क्लास टीचर त्या वर्षी नवीन लागलेली होती. बारीक चणीची, तेल लावून घट्ट वेणी घालणारी, गढवालकडची बाई. वयाने माझ्यापेक्षा लहानच असेल. तिने ह्या पोटदुखीवर एक उपाय काढला. रोज शेवटच्या तासाला फळ्याच्या कोपऱ्यात ह्याने एक मराठी शब्द लिहायचा, त्याचा अर्थ सांगायचा आणि सगळ्या वर्गाने तो म्हणायचा. पहिल्या दिवशी ह्याने लिहिलं ‘फुलपाखरू’. घरी आला तो दप्तर न काढताच मला म्हणाला, “आई, आज मैंने सबको फुलपाखरू सिखाया. मॅमलापण म्हणता येत नव्हतं. तीनदा चुकल्या!” त्या दिवसापासून ओव्याची बाटली मी पुन्हा उघडली नाही. पोरं त्याला घरी बोलवायला यायला लागली. एक सरदारांचा मुलगा तर आमच्या दारात उभा राहून मोठ्यांदा ‘भोपळा’ म्हणून जायचा.

त्या बाईचे उपकार माझ्यावर होते, आणि ते मला मनापासून वाटत होते. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मला ते कुणाला पटवून देता आलं नाही.

दिवाळी जवळ आली तशी व्हॅनच्या स्टॉपवर एकच चर्चा सुरू झाली. “मैडम को क्या दे रहे हो?” शाळेची सूचना दरवर्षीप्रमाणे मुलांच्या डायरीत आली होती की शिक्षकांना भेटवस्तू देऊ नयेत, दिल्यास शिक्षकांवर कारवाई होईल. समोरच्या फ्लॅटमधल्या भाभींना मी ती सूचना दाखवली तर त्या हसत सुटल्या.

“अरे भाभीजी, ये तो हर साल आता है! सूचना अपनी जगह, दिवाली अपनी जगह.”

त्यांनी मला रीत समजावून दिली. सुट्टीच्या आदल्या दिवशी मुलाला आणायला आपण स्वतः जायचं. साधी पिशवी न्यायची, दुकानाचं नाव असलेली नाही. मॅडमच्या हातात पिशवी द्यायची, हॅपी दिवाली म्हणायचं आणि निघायचं. भाभी स्वतः चांदीचं नाणं देणार होत्या, लक्ष्मी-गणेशवालं. दुसरी एक सूटचं कापड, तिसरी लेमन सेट. काचेचा जग आणि सहा ग्लास म्हणजे लेमन सेट, हे मला दिल्लीत आल्यावर कळलं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे नावाची चिठ्ठी रिबनीखाली नुसती खोचायची, चिकटवायची नाही.

“चिपका दोगे तो बेचारी आगे कैसे देगी?” भाभी म्हणाल्या.

हे ‘आगे देणं’ म्हणजे काय ते मला त्याच दिवाळीत कळायला लागलं होतं. ह्यांचं परचेस खातं असल्यामुळे दिवाळीला आमच्याकडे माल पुरवणाऱ्यांचे डबेच्या डबे यायचे. बदाम-काजूचे, मिठाईचे, क्रॉकरीचे. भाभींनी शिकवल्याप्रमाणे मीही वेष्टन न फाडता ते कपाटावर ठेवायची आणि पुढे पाठवायची. पुढे एका वर्षी मी पाठवलेला लेमन सेट फिरून फिरून माझ्याकडेच आला. खोक्याच्या कोपऱ्यावर मीच लावलेली चिकटपट्टी होती, म्हणून ओळखला. त्या खोक्यातून कधी कुणी लिंबाचं सरबत प्यायलं असेल असं मला वाटत नाही.

“त्यातलाच एखादा डबा दे ना मॅडमना,” हे म्हणाले. “बदामाचा दे. वर कपाटावर एवढे आहेत.”

“अहो, काहीतरीच काय बोलता? ज्या बाईने आपल्या पोराला माणसात आणलं, तिला दुसऱ्याचा उतरलेला डबा देऊ?”

“अगं, तिला कुठे कळणार आहे?”

“मला कळणार आहे ना!”

माझा पारा चढला की हे पेपर उघडतात. तेव्हाही उघडला.

मी ठरवलं की द्यायचं ते आपल्या पद्धतीने द्यायचं. एक चांगला जाड पत्र्याचा पेढेघाटी डबा घ्यायचा, आणि तो घरच्या फराळाने भरून द्यायचा. डब्यासाठी मी बस बदलत पार सरोजिनी नगरला गेले. तिथे सरकारी क्वार्टर्समध्ये आमच्या ओळखीचं एक मराठी कुटुंब राहायचं, त्या वहिनींनी भांड्यांचं दुकान दाखवलं. डबा सुरेख मिळाला, झाकण असं घट्ट की काढताना हवेचा आवाज यावा. दुकानदाराकडे नाव घालायचं मशीन होतं. मी पर्समधून कागद काढून दिला. मजकूर मी आदल्या दिवशीच तयार केला होता. वर ‘मॅडमना सप्रेम भेट’, आणि खाली चिरंजीवांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, इयत्ता दुसरी, तुकडी ब, दिवाळी आणि साल. सगळं झाकणावर, मधोमध, देवनागरीत. अक्षर इतकं छान आलं की वहिनी म्हणाल्या, “हा डबा काही कुणाला पुढे ढकलता यायचा नाही हं!” मी म्हटलं, “त्यासाठीच तर घातलंय.” आणि आम्ही दोघी खूप हसलो.

फराळातही मी कसर ठेवली नाही. चकल्या, शंकरपाळे आणि अनारसे. अनारशांचं पीठ मी आठवडाभर आधी भिजवलं होतं. पहिला घाणा कढईत हसला. अनारसा हसला म्हणजे तुपात टाकल्याबरोबर विरघळून त्याची जाळी पसरते, आणि करणारीला रडू येतं. दुसऱ्या घाण्यापासून मात्र नीट जमले. हसलेले आम्ही खाल्ले, आणि चांगले, जाळीदार, खसखस लावलेले सगळे डब्यात गेले.

सुट्टीच्या आदल्या दिवशी मी शाळेच्या फाटकाशी गेले. आयांची ही गर्दी आणि प्रत्येकीच्या हातात साधी पिशवी. मॅडम एकेकीला हात जोडून नाही म्हणत होत्या. मला वाटलं, हा दिल्लीचा शिष्टाचार असेल, आधी नाही म्हणायचं आणि मग घ्यायचं. पण त्यांनी खरंच घेतलं नाही. समोरच्या भाभींचं नाणं पर्समध्ये परत गेलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. भाभी जाता जाता माझ्या कानाशी पुटपुटल्या, “नई है ना, अभी डरती है.”

माझी पाळी आली.

“मैडम, ये गिफ्ट नहीं है,” मी म्हटलं. “घर का बना हुआ है. हमारे यहाँ दिवाली में पड़ोस में, सबको देते हैं. प्रसाद समझिए. बच्चे की माँ के हाथ का है, ना मत कहिए.”

त्या थांबल्या. पिशवीत डोकावून त्यांनी डब्याला हात लावला. डबा मी फडक्यात गाठ मारून बांधला होता, झाकण दिसत नव्हतं.

“खाने का है?”

“बस खाने का.”

“तो ठीक है. खाने को मना नहीं करते,” त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच मोकळं हसल्या. मग गर्दी ओसरेपर्यंत आम्ही बोलत उभ्या राहिलो. मला त्यांच्याबद्दल किती गोष्टी कळल्या! त्या जवळच्याच गावात एका खोलीत भाड्याने राहत होत्या. वडील नव्हते, आई डोंगरात एकटी होती, तिचे गुडघे गेले होते. नोकरी अजून कच्ची होती. मार्चमध्ये पक्की झाली की त्या दोन खोल्यांचं घर घेणार होत्या आणि आईला खाली आणणार होत्या. “बस मार्च तक की बात है,” त्या म्हणाल्या. मी त्यांचा हात हातात घेऊन म्हटलं, “हो जाएगा मैडम, आपका तो हो ही जाएगा.” घरी आले ती उजळ तोंडाने. सगळ्यांच्या पिशव्या परत गेल्या आणि माझी तेवढी घेतली गेली, हे मी ह्यांना दोनदा सांगितलं.

सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी मुलगा घरी आला तोच फुशारक्या मारत.

“आई, आज प्रिन्सिपल मॅम क्लासमध्ये आल्या होत्या. त्यांनी माझं नाव वाचलं! पूरा नाव!”

“कुठे वाचलं?”

“डब्यावर. मॅमच्या टेबलवर आपला डबा था ना. प्रिन्सिपल मॅमने उचलला, और जोर से पढ़ा, और बोले कौन है ये. मी उभा राहिलो. बोले, ये तुमने दिया? मी म्हटलं, हाँ, मेरी मम्मी ने नाम भी लिखवाया, वो सरोजिनी नगर जाके.”

“मग?”

“मग काही नाही. मॅमला बाहेर बुलाया.” आणि त्याने दप्तरातून डायरी काढली. डायरीत लाल शाईने लिहिलं होतं की आईने उद्या प्रिन्सिपलना भेटावं.

झालं होतं ते असं, काही मुलाने सांगितलं आणि काही मी जुळवलं. मॅडमनी घरी जाऊन फडकं सोडलं तेव्हा त्यांना झाकण दिसलं. खाणं घेतलं तर चालेल, पण भांडं म्हणजे भेट, आणि भेट घ्यायची नाही, म्हणून डबा परत करायचा त्यांनी ठरवलं. पण त्यांच्या आईनेही त्यांना माझ्या आईसारखंच शिकवलेलं होतं की कुणाचं भांडं रिकामं परत देऊ नये. म्हणून त्यांनी त्यात काहीतरी घरचं भरून आणलं आणि शाळा सुटताना मुलाच्या हाती देण्यासाठी टेबलावर ठेवलं. त्या शाळेतल्या कितीतरी टेबलांखालून त्या दिवाळीत कितीतरी साध्या पिशव्या गेल्या असतील. त्यांतल्या एकीचाही पत्ता कुणाला लागला नाही. ज्या बाईने कुणाकडून काही घेतलं नव्हतं, तिच्या टेबलावर मात्र पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी आणि सप्रेम भेट सापडली.

ह्यांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “अगं, निदान तुकडी तरी घालायची नव्हतीस!”

रात्रभर मी काय बोलायचं ते हिंदीत जुळवत होते. मला खात्री होती की मी जाऊन खरं काय ते सांगितलं की प्रश्न मिटेल. बोलण्यात मी कुणाला हार गेलेली नाही. सकाळी मी चांगली सुती साडी नेसले आणि ताठ मानेने प्रिन्सिपलच्या खोलीत शिरले.

टेबलावर डबा होता. झाकणावरचा मजकूर प्रिन्सिपलबाईंच्या बाजूला सरळ आणि माझ्या बाजूने उलटा. कपाटाजवळ मॅडम उभ्या होत्या, हात पुढे बांधून, शिक्षा झालेल्या मुलीसारख्या. त्यांना तिथे बघेन असं मला वाटलं नव्हतं. मी जुळवलेलं निम्मं हिंदी तिथेच विसरले.

प्रिन्सिपलबाई आवाज न चढवता बोलत होत्या. “आपने सर्कुलर पढ़ा था?”

“जी, पढ़ा था. लेकिन मैडम की कोई गलती नहीं है. मैंने ज़बरदस्ती दिया. ये तो वापस कर रही थीं.”

“वापस करने वाला डिब्बा भरके लाता है?”

“हमारे में खाली नहीं देते,” मी म्हटलं. “इनके में भी नहीं देते. और मैंने कुछ पाने के लिए नहीं दिया. मेरा बच्चा रोज़ रोता था, मैडम ने उसको सँभाला. मैंने प्यार से दिया. आप ही देखिए, सप्रेम लिखा है.”

मला वाटलं, चांगलं बोलले. मॅडमनी एकदा माझ्याकडे बघितलंही.

मग प्रिन्सिपलबाईंनी एक नाव घेतलं. नाव, पुढे आडनाव, पुढे ‘जी’. अमुक अमुक जी म्हणतात की तुम्ही फक्त खाण्याचं आहे असं सांगितलंत, हे बरोबर आहे का?

आणि मी विचारलं, “कौन?”

अगदी सहज विचारलं. मला वाटलं, शाळेतली दुसरी कुणी बाई असेल, फाटकापाशी उभी असेल, तिने काही ऐकलं असेल. प्रिन्सिपलबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि नुसत्या मानेने कपाटाकडे खूण केली.

“आपके बच्चे की क्लास टीचर. आपको इनका नाम नहीं मालूम?”

मला ते माहीत नव्हतं. जुलैपासून दिवाळीपर्यंत मला ते विचारावंसं वाटलं नव्हतं. मुलगा मॅम म्हणायचा, मी मॅडम म्हणायची, प्रगतिपुस्तकावर एक वळसेदार सही होती ती मी कधी लावून वाचली नाही. त्यांच्या आईचे गुडघे मला ठाऊक होते, खोलीचं भाडं ठाऊक होतं. सरोजिनी नगरच्या दुकानात मी कागद पुढे केला तेव्हा त्यावर माझ्या मुलाचं नाव होतं, नवऱ्याचं नाव होतं, आडनाव होतं. जिला द्यायचा तिच्या नावाची जागा मी मोकळीसुद्धा सोडलेली नव्हती. मॅडमना, एवढं लिहिलं की झालं, असं मला वाटलं होतं.

“जिसका नाम भी नहीं मालूम,” प्रिन्सिपलबाई म्हणाल्या, “उसको कोई प्यार से देता है, कि कुर्सी को देता है?”

ह्यांच्या कंपनीला माल पुरवणारे लोक माझ्या डोळ्यांसमोर आले. त्यांच्या चिठ्ठ्यांवरही ‘परचेस मैनेजर साहब’ एवढंच लिहिलेलं असायचं. ते डबे मी बिनदिक्कत कपाटावर चढवत होते, आणि त्यांना कधी कुठल्या नावाने हाक मारली नव्हती. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. लाज वाटते म्हणजे नेमकं काय होतं ते मला त्या खुर्चीत कळलं. आपण मघाशी बोललेलं प्रत्येक वाक्य आपल्यालाच पुन्हा ऐकू येतं.

आणि मग मॅडम बोलल्या, माझ्यासाठी. “मैम, पैरेंट्स को अक्सर नाम पता नहीं होता. सब मैडम ही कहते हैं.”

ह्याच्यापेक्षा त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर मी घरी जाऊन जेवू शकले असते.

प्रिन्सिपलबाईंनी डबा माझ्या पुढ्यात सरकवला. तो मी न्यावा, आणि पुढे काय करायचं ते शाळा बघेल. मी बाहेर आले. मॅडम आतच राहिल्या. व्हरांड्यात त्या बाहेर येण्याची वाट बघत थांबावं असं एकदा मनात आलं, पण त्या आल्या तर त्यांना हाक कशी मारायची हे मला कळेना. नाव तर मी आत्ताच ऐकलं होतं.

घरी येऊन झाकण काढलं. आत गुळाच्या रंगाचे, टम्म फुगलेले गोल वडे होते. मुलाने शाळेतून आल्यावर सांगितलं की मॅम म्हणाल्या होत्या, तुझ्या आईचा तो गोड पदार्थ आमच्याकडेही होतो, तांदळाचा आणि गुळाचाच. आमच्याकडे त्याला अरसे म्हणतात, आईला सांग, खाऊन बघायला. मी एक खाल्ला. खरंच चव तीच होती. खोलीतल्या एका स्टोव्हवर, सुट्टीतले दोन दिवस मोडून तिने तांदूळ भिजवले असणार, कुटले असणार, पाक केला असणार. एकही बिघडलेला नव्हता. हे म्हणाले, छान झालेत. मुलाने चार खाल्ले. मला दुसरा काही गेला नाही.

फळ्यावरचा मराठी शब्द त्यानंतर बंद झाला. शाळेने बंद केला की मॅडमनी, ते मी विचारलं नाही. मुलाला तोवर त्याची गरज उरली नव्हती. तो आता आंघोळीला नहाना म्हणत होता.

मार्चमध्ये निकालाच्या दिवशी मी डबा पिशवीत घालून घेऊन गेले. सगळे पालक गेल्यावर मी टेबलापाशी गेले आणि त्यांना नावाने हाक मारली. नाव आणि पुढे जी. घरी मी ते पुष्कळदा म्हणून पाहिलं होतं. त्यांनी वर पाहिलं आणि त्या हसल्या. त्या हसण्यात राग असता तर बरं झालं असतं.

“आपका हो गया ना?” मी विचारलं. “पक्का?”

“नहीं हुआ,” त्या म्हणाल्या. “अगले साल कहीं और देखूँगी.” आणि लगेच, “आपका बेटा बहुत अच्छा कर रहा है. गणित में थोड़ा ध्यान दीजिए.”

“आपकी माँ?”

“अभी वहीं हैं.”

मी पिशवी पुढे केली. आता तर त्या ह्या शाळेत नसणार, आता तरी ठेवून घ्या, असं काहीतरी मी बोलले. त्यांनी डबा बाहेर काढला, झाकणावरून बोट फिरवत सगळं वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि माझ्या हातात परत दिला.

“इस पर तो सब आपका ही है,” त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता तो. जे लिहिलं होतं ते त्यांनी वाचलं, एवढंच. मग त्यांनी पुढच्या पालकांसाठी खुर्ची सरळ केली, पुढचे पालक कुणी नव्हते तरी.

त्यानंतर त्या मला कधी दिसल्या नाहीत. जवळच्या गावात मी एकदा त्यांची खोली शोधत गेले होते. गल्लीत विचारायला लागले तर लोक म्हणाले, नाव सांगा. या वेळी नाव मला सांगता आलं, पण त्या खोली सोडून गेल्या होत्या.

डबा माझ्याकडेच आहे. तो कुणाला देता येत नाही, तशी सोयच मी करून ठेवली आहे. त्यात रवा राहतो. मुलगा आता ह्याच नोएडात उंच टॉवरमध्ये राहतो, आणि मी त्यांच्याकडेच असते. त्याला ती शाळा आठवते, आंघोल आठवतं, फुलपाखरू आठवतं. मॅमचं नाव विचारलं तर म्हणतो, “काय माहीत आई, मॅमच म्हणायचो.” तेव्हा तो सात वर्षांचा होता, त्याचं चालतं.

मागच्या दिवाळीत सूनबाई फोनवर बोलत होत्या. नातीच्या वर्गातल्या सगळ्या आयांनी मिळून टीचरला गिफ्ट कार्ड पाठवायचं ठरवलं होतं, फोनवरच जाणार, कुणाच्या हातात काही द्यायलाच नको. मी स्वयंपाकघरात लाडवांसाठी रवा काढत होते. नातीला देवनागरी अडखळत वाचता येतं. ती ओट्यावर चढून बसली होती, तिने झाकण स्वतःकडे फिरवलं.

“मॅ-ड-म-ना. स-प्रे-म. आजी, ये पापा का नाम है! पापा ने दिया? किस मॅडमना?”

मी तिला नाव सांगितलं. नाव, आडनाव, पुढे जी. मला आता पाठ आहे.